नातवाने साप मागितला

बँकेत पस्तीस वर्षं काढली. कर्ज मागायला आलेल्या माणसाला 'कशासाठी?' असं विचारायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, ओहायो राज्यात मुलाकडे गेलो होतो. दहा वर्षांच्या नातवानं जेवताना जाहीर केलं, "मला साप पाळायचाय." सूनबाईंच्या हातातला डाव खाली पडला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "कशासाठी रे?"

"बघायला! आजोबा, माझ्या मित्राकडे बॉल पायथन आहे, पण तो दिवसभर नुसता झोपतो. मला फिरणारा साप हवा."

उत्तर चोख होतं. तिकडे साप पाळणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे, म्हणून मुलानं ते आधी तपासले. मग आम्ही आजा-नातू पुस्तकं घेऊन बसलो आणि एकेक अर्ज छाननीला घेतला.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. घाबरला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. स्वभावानं गरीब, पण दिवस आडोशात काढणार. शिवाय वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे नातवाला मुलं झाली तरी हा आहेच! दुसरा कॉर्न स्नेक. नारिंगी, देखणा, तीन ते पाच फुटांचा, चढण्यात पटाईत. पण त्याची खरी लगबग संध्याकाळनंतरची. आणि नातवाला नऊला झोपायचं असतं. तिसरा किंगस्नेक. सतत काहीतरी हुंगत फिरणारा, पण दुसरे साप खाणारा, तेव्हा जन्मभर एकटाच ठेवायचा. इंडिगो नावाचा एक निळसर काळा, फार चपळ साप आहे. पण तो आठ फुटांपर्यंत वाढतो, आणि त्याच्या पूर्वेकडच्या जातीला अमेरिकी सरकारनं १९७८ पासून संरक्षण दिलेलं आहे. तो अर्ज तिथेच फेटाळला.

उरला गार्टर स्नेक. दोन-तीन फुटांचा, सडपातळ, अंगावर लांबच लांब पट्टे. मुख्य म्हणजे दिवसा जागा असतो. पोहतो, चढतो, काच वाजवली की पळण्याऐवजी बरेचदा डोकं वर काढून बघतो.

इथे सूनबाईंनी खरा मुद्दा काढला, "खाणार काय तो?" कॉर्न स्नेक काय, किंगस्नेक काय, त्यांना उंदीर लागतात, गोठवलेले आणून, वितळवून द्यायचे. "माझ्या फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी उंदीर येणार नाही!" गार्टरला गांडुळं आणि मासे चालतात, आणि मासे काही आमच्या कोकणी घराला परके नाहीत. मात्र कुठलाही मासा चालत नाही. गोल्डफिशसारख्या काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. त्यांवरच पोसलेल्या सापाला झटके येतात. म्हणून पुढे छोट्या उंदरांची सवय लावलेली बरी, असं कळलं. तडजोड झाली : गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर.

रानातला पकडलेला नव्हे, पाळीव जोडीच्या पोटी जन्मलेलाच साप घ्यायचा, ही माझी अट. त्यानंतर कळलं, की चपळ सापाचा हप्ताही जड असतो. तो जास्त वेळा खातो, जास्त घाण करतो. त्याला अंग सरळ पसरता येईल एवढी पेटी लागते. एक टोक उबदार, दुसरं गार, दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचं भांडं आणि घट्ट कडीचं झाकण. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणानं धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. आणि एक गोष्ट मला फार पटली : साप फिरतोय म्हणजे मजेत आहे, असं नाही. काचेवर सारखं नाक घासत असेल तर ती तगमग. जागा अपुरी आहे किंवा ऊब चुकते आहे, असं समजावं.

साप घरी आला त्या दिवशी मी लांबूनच पाहिला आणि दचकलो. ही तर आमची नानेटी! तेच पट्टे, तीच सळसळ. पुस्तकात पाहिलं, तर दोघं खरोखरच एका कुळातले निघाले. नऊ वर्षांचा असताना विहिरीपाशी मी काठीनं एक नानेटी मारली होती. बेडूक खाणारा, बिनविषारी जीव. आळीनं माझं कौतुक केलं. रात्री मात्र मी जेवलो नव्हतो, हे कुणाला ठाऊक नाही.

पंधरा दिवसांनी पाणी बदलताना माझ्याच हातून कडी उघडी राहिली. नातू शाळेत. साप गायब. घरात मी एकटा. तासाभरानं तो चपलांच्या मांडणीमागे सापडला. उचलला तर त्यानं सदऱ्यावर असा काही उग्र वास सोडला, की तीन धुण्यांत गेला नाही. पण त्याचं ते थंड, कोरडं, धडधडतं अंग हातात होतं आणि मी सोडलं नाही.

नातवाला खरं सांगितलं. तो रागावला, मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्याला धरलंत?"

हे वाचून इथल्या एखाद्या नातवानं हट्ट धरला, तर मात्र स्पष्ट सांगा : आपल्याकडचा कुठलाही रानातला साप पकडणं, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. साप बघायचेच असतील तर पुण्याजवळ कात्रजला न्या. किंवा पावसाळ्यात गावी न्या आणि लांब उभं राहायला शिकवा.

गेल्या पावसाळ्यात त्याच विहिरीपाशी एक नानेटी दिसली. ती गवतात जाईपर्यंत मी जागचा हललो नाही. रात्री फोनवर नातवाला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "कडी लावायला विसरला नाहीत ना?"