सायकलच्या मागच्या चाकाचे आटे सांभाळा

लावणीआधी आपण फवारणी पंप तपासतो, पॉवर टिलरचं ऑईल बदलतो. घरची सायकल मात्र पडवीत तशीच भिजत उभी असते. डेअरीत दूध घालायचं, शेतावर डबा न्यायचा, पोरांनी शाळा गाठायची, तर वाडीवस्तीवर अजूनही तीच कामी येते. तिच्या मागच्या हबचे आटे गेले की पॅडल फिरतं, पण चाक जागचं हलत नाही. महाडच्या सपाटीवर ती ढकलत आणता येईल. पोलादपूरकडच्या चढावर जोर लावताना पाय निसटला, तर माणूस तोंडावर आपटतो.

आपल्याकडे पाऊस दांडगा आणि चिखल भरपूर. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडात गाळाचे थर बसले. असा गाळ हबमध्ये शिरला आणि वेळेत धुतला नाही, तर आट्यांना गंज धरतो. पुढे तिथेच नवा भाग बसवताना आटे कापले जातात.

आधी आपली सायकल कोणती ते बघा. साध्या सायकलला फ्रीव्हील असतं. ते हबच्या आट्यांवरच फिरवून बसवतात. हा आटा सुमारे १.३७ इंच व्यासाचा, इंचाला २४ फेऱ्यांचा, म्हणजे चांगलाच बारीक. गियरच्या अनेक नव्या सायकलींना कॅसेट असते. तिची चक्रं खाचांवर सरकवतात आणि बाहेरून लॉकरिंग आवळतात.

फ्रीव्हील बसवताना दोन्हीकडचे आटे जुना दातघाशा डिझेलमध्ये बुडवून साफ करा, कोरडे पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. फ्रीव्हील सरळ टेकवून आधी थोडं उलटं फिरवा. टक् करून आटा जागेवर बसल्याचं हाताला कळतं. मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हातानेच फिरवा. दोन-तीन फेरे सहज गेले पाहिजेत. अडलं, तर पाना लावू नका. काढून पुन्हा सुरुवात करा. शेवटी हातोडा-छिन्नीने ठोकायचीही गरज नाही, कारण पॅडल मारताना फ्रीव्हील आपोआप आवळलं जातं. एक ध्यानात ठेवा: फ्रीव्हीलच्या तोंडावरच्या दोन भोकांच्या झाकणाचा आटा उलटा असतो. ते नेहमीसारखं सोडवायला जाल, तर उलट आवळत बसाल.

कॅसेटमध्ये एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, म्हणून प्रत्येक चक्र एकाच स्थितीत बसतं. शेवटचं लहान चक्र नीट न बसता वर राहिलं, तर लॉकरिंगला एक-दोनच आटे मिळतात. त्यावर जोर दिला की आटे गेलेच! लॉकरिंग पूर्ण आवळूनही चक्रं खुळखुळत असतील, तर बहुधा मधली वॉशरसारखी पातळ चकती राहिली आहे. अशा वेळी जोर वाढवू नका, चकती घाला. लॉकरिंगवर साधारण ४० न्यूटन मीटर असा आकडा कोरलेला असतो. वीतभर लांब पान्याच्या टोकावर सुमारे वीस किलोचा भार, इतकाच त्याचा अर्थ. आवळताना येणारा कटकट आवाज लॉकरिंगच्या दात्यांचा असतो. त्याला घाबरू नका.

आटे गेले, हे ठरवण्याआधी एक खूण बघा. पॅडल मारताना फ्रीव्हीलचा आतला गाभाही हबवर नुसता फिरत असेल, तर आटे गेले. गाभा स्थिर आणि बाहेरचे दातेच फिरत असतील, तर आतली कुत्री किंवा स्प्रिंग अडकली आहे. मग हब बदलण्याचा खर्च कशाला? नवं फ्रीव्हील पुरतं.

पंपाच्या नोझलचं टोपण आपण हलक्या हातानं लावतो, तसाच हात इथेही हवा. अति तिथं माती, हे आट्यांनाही लागू आहे. येत्या पावसाआधी तेवढी सायकल एकदा उलटी करून बघाच.