‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी दहा मिनिटं थांबा

ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचंय, त्यांचा चॅनलवर ठरलेला प्रश्न असतो: "सर, स्कॅनर कुठला घेऊ?" सांगतो. पण आधी माझ्या खिशातून गेलेल्या साडेअठरा हजारांची गोष्ट ऐका.

भोसरीतून चाकणला कंपनीचा माल पोचवणारं एक डिझेल पिकअप माझ्याकडे टो करून आलं. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. चावी ऑन केली तरी चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनर ईसीएमशी बोलत नाही. मालक सारखा म्हणत होता, "दादा, गाडी उभी राहिली की माझी फेरी दुसऱ्याला जाते." मी कपलर काढला, मल्टिमीटर लावला, बारा व्होल्ट दिसले. झालं, ईसीएम गेला म्हणून सांगून टाकलं. सेकंडहँड ईसीएम आणला, इमोबिलायझर जुळवून घेतला, गाडी सुरू झाली. चौथ्या दिवशी मोशीजवळ पुन्हा बंद.

दोष होता चासीवरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली. तिथे गंज चढला होता. ईसीएम बदलताना हार्नेस हलला, तेवढ्यापुरता संपर्क जुळला आणि मला वाटलं, आपण जिंकलो. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत, त्यामुळे ते पैसे मीच भरले. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण चुकीच्या निदानाचा खर्च कुठल्या खान्यात लिहायचा ते कुणी शिकवलं नव्हतं!

मी चुकलो कुठे? मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. लोड आला की खरं कळतं. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून जवळ ठेवा. सर्किट डायग्राम बघून कपलरमधली मेन सप्लायची आणि पॉवर अर्थची पिन शोधा आणि बल्ब त्यांच्यावर पेटवून बघा. फक्त त्या दोनच पिनांवर, सेन्सरच्या पिनेला बल्ब लावलात तर चांगला ईसीएम तुम्हीच घालवाल. बल्ब मिणमिणला तर फ्यूज, मेन रिले, अर्थिंग तपासायचं. मग कपलर जोडून, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी ईसीएमच्या अर्थ वायरला मागून लावा आणि स्टार्टर मारा. साधारण ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग ठीक. माझ्या पिकअपवर १.४ आलं होतं.

स्कॅनर बोलत नसेल तर आधी ओबीडी सॉकेट बघा. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे व्होल्ट, ४ आणि ५ वर अर्थिंग हवं. बऱ्याच गाड्यांत याचा फ्यूज सिगारेट लायटरबरोबर सामाईक असतो, तो उडाला की ईसीएमवर उगाच आळ येतो. कॅन लाइनची गाडी असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजा, साधारण ६० ओहम यायला हवा. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटलीय किंवा एका टोकाचा मॉड्यूल सुटलाय.

तिसरी जागा म्हणजे सेन्सरना जाणारे पाच व्होल्ट. ते गायब दिसले तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट. चाकण पट्ट्यात शेताकडेला लावलेल्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर तर हमखास सापडते.

एवढं सगळं बरोबर निघालं, सगळे सेन्सर काढूनही पाच व्होल्ट येत नाहीत, किंवा पी०६०६ सारखा प्रोसेसरचा कोड पुसला तरी परत येतो, तेव्हा म्हणा ईसीएम गेला. तरी लगेच ऑर्डर देऊ नका. तो का गेला? पाणी शिरलं, बॅटरी उलटी लावली, कपलर न काढता बॉडीवर वेल्डिंग केलं, की एखादा इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल शॉर्ट आहे? कारण तसंच राहिलं तर नवाही जळेल.

बदलताना नुसता डबा सारखा दिसून भागत नाही. पार्ट नंबर, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर जुळवा, लेबलचा फोटो काढून ठेवा. जुना ईसीएम वाचता येत असेल तर त्यातला डेटा आधी काढून घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच हात लावा. इमोबिलायझर आणि चावी जुळवावी लागते, पुष्कळ कॉमन रेल डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा कोडही भरावा लागतो. हे प्रोग्रामिंग कोण करणार आणि किती घेणार, ते पार्ट घेण्याआधी विचारा. माझा दुसरा फटका तिथेच बसला होता.

आता धंद्याचं बोलू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून नव्या मोटारसायकलीतही फ्युएल इंजेक्शन आणि ईसीएम सर्रास दिसतो. म्हणजे काम वाढणारच आहे. पण "चेकिंगचे कसले पैसे, दादा?" हे ऐकावं लागतं. मी आता जॉबकार्डवर तपासणीचा चार्ज वेगळा लिहितो आणि गाडीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाची सही घेतो. तपासणी झाली की मोजलेले आकडे त्याच्यासमोर ठेवतो आणि रिपेअर, सेकंडहँड, नवा अशा तिन्हींचा भाव सांगतो. अर्थिंगचा बोल्ट साफ करून गाडी सुरू झाली तरी तपासणीचे पैसे पूर्ण घेतो. सुरुवातीला लाज वाटायची. पण त्या बोल्टने त्याचा ईसीएमचा खर्च वाचलेला असतो.

त्या पिकअपचा मालक अजून येतो. त्याच्या दुसऱ्या गाडीचा ईसीएम मात्र खरोखरच गेला होता, पाणी शिरलेलं. तो उघडून आतला हिरवा पडलेला बोर्ड त्याच्या हातात दिला, तेव्हा भावावरून एक शब्द बोलला नाही.

आणि हो, स्कॅनर. पहिल्या महिन्यात महागडा घेऊच नका. चांगला मल्टिमीटर, तो बल्ब आणि तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या तीन-चार मॉडेलचे सर्किट डायग्राम घ्या. बल्बला वायरी कशा लावायच्या ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.