हळदीचे बेणे आणि लिनक्स

सेनगावच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा, ‘काय बाबा, लिनक्स वापरता का?’ तो तुमच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील. पण त्याच वेळी त्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याला हिंगोलीच्या बाजारातला हळदीचा भाव दाखवत असेल आणि त्या फोनच्या पोटात लिनक्सच चालू असेल. जिचे नाव घेताच भलेभले बिचकतात, ती वस्तू अशी खिशात निघावी, ही मोठी गंमत आहे.

लिनक्स म्हणजे संगणकाचा कारभारी. कीबोर्ड, पडदा, मेमरी, प्रिंटर या सगळ्यांकडून काम करून घेणारी प्रणाली. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि जगासमोर ठेवला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला होता. सॉफ्टवेअर कुलूपबंद नसावे, हा त्यांचा आग्रह. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचे लिनक्स उभे राहिले. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

हळद लावणाऱ्याला यातले तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हळदीचे बेणे घरचे असते. काढणी झाली की चांगले गड्डे निवडून पुढच्या लागवडीसाठी बाजूला ठेवायचे, शेजाऱ्याने मागितले तर त्यालाही द्यायचे. संकरित कपाशीचे तसे नाही. तिथे दरवर्षी नवे पाकीट विकत आणावे लागते. बाजारातले पुष्कळसे सॉफ्टवेअर या पाकिटासारखे असते. वापरायला मिळते, पण आत काय आहे ते पाहता येत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही. लिनक्स हे बेणे आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी बनले त्या मूळ सूचना, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतात. अट एकच, स्टॉलमन यांच्या परवान्यात लिहिलेली: सुधारलेले बेणे दुसऱ्याला दिलेत तर त्याच शर्तीवर द्या, दडवून ठेवू नका. ‘फुकट’ या शब्दाने लोक याकडे वळतात हे खरे, पण खरी मातब्बरी या अटीची आहे.

मराठी माणसाला याचा काय लाभ झाला? १९९० च्या दशकातले मराठी टायपिंग ज्यांनी केले आहे त्यांना आठवत असेल. जितके फाँट तितक्या तऱ्हा. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार चिकटवलेले असत. एका दुकानात केलेला अर्ज दुसऱ्या दुकानात उघडला, की ‘मा. तहसीलदार साहेब’ यांच्या जागी नुसती चिन्हांची रांगोळी! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतःचे क्रमांक होते. पण ते क्रमांक पडद्यावर अक्षर होऊन उमटायला फाँट हवेत, जोडाक्षरे जुळवणारे सॉफ्टवेअर हवे. लिनक्सवर हे काम आपल्याच माणसांनी हाती घेतले. मुंबईत व्हीजेटीआयमधील डॉ. जितेंद्र शहा यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा युनिकोड फाँट घडवून मुक्त परवान्याखाली दिला. वेंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ची चळवळ सुरू केली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅट कंपनीने २००४ साली सर्वांसाठी खुले केले. लोहित म्हणजे संस्कृतात तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीला शोभेल असेच नाव! मेनूंचे मराठीकरण हे आणखी एक चिकाटीचे काम. ‘जतन करा’ की ‘साठवा’, अशा एकेका शब्दाचा कीस पाडत बसावे लागते. महत्त्वाचे हे, की यांपैकी कोणाला परदेशातल्या कोणा साहेबाच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही. पेटी उघडी होती, म्हणून मराठी आत घालता आली.

फोनचे मात्र असे नाही. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असला, तरी वरचे पुष्कळ काही बंदिस्त असते. तीन-चार वर्षांत सुरक्षेची अपडेट्स थांबली की चांगला चालणारा फोनही जुना ठरतो. ‘लिनिएज ओएस’सारखी मुक्त प्रणाली अशा काही फोनांत घालता येते; पण ते काम सोपे नाही आणि नंतर बँकेचे ॲप रुसून बसण्याची शक्यता असते. घरात एकच फोन असेल तर या फंदात न पडलेले बरे.

टेबलावरच्या संगणकाची गोष्ट वेगळी, आणि आज तातडीची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साधारण २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. तालुक्याच्या गावी शाळांत, दुकानांत, घरांत असे किती संगणक धूळ खात पडतील! यंत्र धडधाकट आहे, कारभारी तेवढा निवृत्त झाला आहे. ‘लिनक्स मिंट’सारखी प्रणाली चार जीबी मेमरीवरही बऱ्यापैकी चालते. लिब्रेऑफिसमध्ये अर्ज आणि हिशेब होतात, फायरफॉक्स मराठीत मिळतो, ‘इनस्क्रिप्ट’ कीबोर्ड तयारच असतो. केरळच्या शाळांत तर मुले कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत.

अर्थात सगळेच गुळमुळीत गोड सांगण्यात अर्थ नाही. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. अंगठ्याचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीची साधने पुष्कळदा विंडोजवरच नीट चालतात, त्यामुळे सेवा केंद्र चालवणाऱ्याने घाईने उडी मारू नये. जुन्या फाँटमधल्या लग्नपत्रिका आणि अर्ज आधी युनिकोडमध्ये करून घ्यावे लागतील. आपला प्रिंटर चालतो का, हे तर सर्वांत आधी पाहावे.

ते पाहण्याची सोय आहे. ओळखीच्या एखाद्या कॉलेजकुमाराकडून आठ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावे, संगणक त्यावरून सुरू करायला सांगावे. तासभर मराठी टाइप करून पाहावे, एक पान छापून पाहावे. ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवले नाही, तर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. नाही आवडले, तर संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. पुन्हा चालू केल्यावर जुने विंडोज होते तसे समोर येते.