एचएमटी धान प्रयोगशाळेत जन्मलं नाही

धानाची नवी वाणं संशोधन केंद्रातच तयार होतात, शेतकऱ्यानं ती फक्त पेरायची, असं पुष्कळांना वाटतं. आपण आवडीनं खातो तो एचएमटी तांदूळ मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बांधीत सापडला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ साली ‘पटेल-३’ धानात काही पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. जेमतेम तिसरी शिकलेल्या या अल्पभूधारकानं ते दाणे वेगळे राखले, हंगामामागून हंगाम पेरून निवडले. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्या धानाला मिळालं. पुढे नांदेड हिरा, डीआरके अशी आणखीही वाणं त्यांनी निवडली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ‘पीकेव्ही एचएमटी’ याच धानातून आलं. २०१८ मध्ये दादाजी गेले.

इथे आणखी एक समज गळून पडतो. विविधता म्हणजे फक्त आजोबांच्या काळातली वाणं नव्हेत. पटेल-३ हे स्वतः सुधारित वाण होतं. विविधता शेतात आजही जन्मते. पण दरवर्षी विकतचंच बियाणं पेरणाऱ्याच्या लेखी अशी लोंबी भेसळ ठरते आणि सरळ पोत्यात जाते. मला सर्वांत मोठं नुकसान हेच वाटतं.

‘जुन्या बियाण्यानं विकास अडतो’ यात अर्धंच सत्य आहे. उंच वाढणारी अनेक जुनी वाणं जास्त खत दिलं की लोळतात, उतारा कमी पडतो. पण पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीची शेती एकसारखी नाही. उंचावरच्या बांधीत हलकं, म्हणजे लवकर येणारं धान, तलावाखाली उशिरा येणारं भारी, धुऱ्यावर तूर आणि कापणीआधी उरल्या ओलीवर फेकलेली लाखोळी किंवा जवस. पाऊस लवकर ओसरला तरी सगळंच हातचं जात नाही. घरात डाळ येते, ती वेगळी. हे गणित एकट्या धानाच्या एकरी उताऱ्यात दिसत नाही.

बियाणं शीतगृहात ठेवलं की झालं, असंही नाही. बियाणे कोश हवाच, कारण गावातून वाण गेलं तर परत आणायला तोच आधार. पण थंडीत निजलेलं बी बदलत्या पावसाशी, नव्या किडीशी जुळवून घेत नाही. ते काम बांधीतच होतं.

राहिली कायद्याची भीती. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं राखू, पेरू, एकमेकांना देऊ आणि विकूही शकतो. मनाई आहे ती संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकायला.