लोखंडी सामानाचे दुकान आणि महाभांडार

धर्मादाय न्यासाच्या महोत्सवी अंकात खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचे डबे यांचे काय काम, असे एखादा वाचक विचारील. त्याचे विचारणे वावगे नाही. परंतु लहान लहान वर्गण्यांवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक संस्थेला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच : मोठ्यांच्या जगात लहानांनी टिकावे कसे? या प्रश्नाची एक बोधप्रद हकीकत अमेरिकेतील लोखंडी सामानाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या, व्यापारात गेल्या पंचेचाळीस वर्षांत घडली. आपल्यापैकी जे मुलाबाळांकडे तिकडे जाऊन आले आहेत, त्यांनी तेथील महाभांडारे पाहिलीही असतील. त्या महाभांडारांसमोर कोपऱ्यावरची दुकाने कशी वागली, कोणती बुडाली, कोणती तरली आणि का, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही दोन प्रकारची दुकाने कशी असतात ते पाहू. अमेरिकेतील लहान गावचे जुने हार्डवेअरचे दुकान आपल्या बाजारपेठेतील अशा दुकानाहून फारसे निराळे नसे. भिंतीला लागून लहान लहान खणांचे कपाट, त्यात मापवार लावलेले खिळे, स्क्रू, नटबोल्ट व वायसर; छताला टांगलेल्या बादल्या व दोरखंडे; आणि गल्ल्यामागे मालक स्वतः. गिऱ्हाईक हातात तुटलेली तोटी घेऊन यावयाचे आणि मालकाने ती पाहून नेमका जोडभाग काढून द्यावयाचा, अशी तेथील रीत होती. किल्ली घडविणे, काच कापणे, कात्र्यांना धार लावणे, खिडकीची जाळी बसविणे ही कामेही तेथेच होत.

महाभांडाराचा थाट याहून अगदी वेगळा. त्याला तेथील लोक ‘बिग बॉक्स’, म्हणजे मोठे खोके, असेच म्हणतात. गावाबाहेर हमरस्त्याला लागून एकमजली प्रचंड इमारत, पुढे शेकडो मोटारी उभ्या राहतील एवढे आवार, आणि आत छतापर्यंत भिडलेले पोलादी मांड. ‘होम डेपो’ या सर्वांत मोठ्या कंपनीच्या एका दुकानाचे बंदिस्त क्षेत्र सरासरी १,०४,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे २.४ एकर असते. त्यात तीस ते चाळीस हजार प्रकारचा माल मांडलेला असतो. लाकूड, सिमेंट, रंग, दिवे, न्हाणीघराचे सामान, झाडांची रोपे, सारे एका छताखाली मिळते. दुकान आणि वखार असा भेदच तेथे राहिलेला नाही. जी वखार, तेच दुकान.

या प्रकाराची खरी सुरुवात १९७८ साली झाली. बर्नी मार्कस व आर्थर ब्लँक या दोघांना त्या वर्षी त्यांच्या आधीच्या नोकरीतून काढून टाकण्यात आले होते. त्यांनी होम डेपो ही कंपनी स्थापन केली आणि १९७९ च्या जून महिन्यात अटलांटा शहरात पहिली दोन दुकाने उघडली. आज या कंपनीची २,३०० हून अधिक दुकाने आहेत. तिची मोठी प्रतिस्पर्धी ‘लोज’ ही कंपनी. तिचा जन्म मात्र १९२१ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील नॉर्थ विल्क्सबरो या लहानशा गावी, एका साध्या हार्डवेअरच्या दुकानातच झाला. तेव्हा महाभांडार म्हणजे कोणी परका राक्षस आहे, असे समजण्याचे कारण नाही. लहान दुकानदारांतलाच एक पुढे मोठा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

महाभांडाराला माल स्वस्त विकणे कसे परवडते, हे आता समजून घ्यावयास हवे. पहिले कारण सर्वांना ठाऊक असलेलेच : जो कारखानदाराकडून आगगाडीच्या वाघिणी भरून माल घेतो, त्याला दर कमी पडतो. दुसरे कारण असे की मधला घाऊक व्यापारी गळतो आणि त्याचा नफा वाचतो. तिसरे कारण पैशाच्या फिरण्याचे. हार्डवेअरच्या धंद्यात पैसा मालात फार दिवस अडकून पडतो. एखाद्या चमत्कारिक मापाचा बोल्ट खणात दोन दोन वर्षे तसाच राहतो. होम डेपोचा माल वर्षातून चार ते पाच वेळा विकून पुन्हा भरला जातो. जो पैसा वर्षातून पाचदा फिरतो, त्यावर प्रत्येक खेपेस थोडा नफा घेतला तरी चालते. जो एकदाच फिरतो, त्याला एकाच खेपेत सारे वसूल करावे लागते.

तरीही महाभांडारातील प्रत्येक वस्तू स्वस्तच असते, असे नाही. शंभर डॉलरच्या विक्रीत मालाची किंमत वजा जाता होम डेपोकडे सुमारे ३३ डॉलर उरतात. पगार, जागा वगैरे खर्च त्यातूनच भागतो. ज्या वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात, त्यांवर नफा कमी ठेवावयाचा आणि ज्यांचे भाव कोणाच्या लक्षात राहत नाहीत, त्यांवर तो भरून काढावयाचा, ही युक्ती व्यापारात जुनीच आहे. शिवाय चार स्क्रूंची गरज असता पन्नासांचे पाकीट घ्यावे लागले, तर दर स्वस्त पण खरेदी महाग, असा प्रकार होतो. ज्याला नवे स्वयंपाकघर बांधावयाचे आहे त्याचे महाभांडारात खचितच पैसे वाचतात. पण ज्या वृद्ध गृहस्थाला गळक्या नळासाठी एकच वायसर हवा आहे, त्याला दहा मैल मोटार हाकून, अडीच एकरांत हिंडून तो शोधण्यात काय साधणार? त्याला हवी असते ती वस्तूपेक्षाही अधिक ‘हीच घ्या’ असे सांगणारी जाणती व्यक्ती.

या स्पर्धेत अनेक लहान दुकाने बंद पडली, हे खरे. परंतु लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, केवळ लहानच बुडाले असे झाले नाही; मधलेही बुडाले. वॉशिंग्टन शहरात १९११ साली सुरू झालेली ‘हेकिंजर’ ही दुकानांची नामांकित साखळी १९९९ साली पार मिटली. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे १९३१ साली फळबागायतदारांनी एकत्र येऊन काढलेली ‘ऑर्चर्ड सप्लाय’ पुढे मोठी साखळी झाली. ती हातोहात फिरत २०१३ साली लोज कंपनीकडे गेली आणि २०१८ साली त्या कंपनीने तिची सर्व दुकाने बंद केली. ज्यांच्यापाशी ना महाभांडाराचा स्वस्त दर, ना कोपऱ्यावरची जवळीक, त्यांना दोन्हीकडून मार बसला.

मग लहान दुकाने तरली ती कशी? केवळ गावकऱ्यांच्या मायेवर ती तरली नाहीत. दहा टक्के महाग पडणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक एकदा मायेपोटी जाईल, दोनदा जाईल. दरवेळी जाणार नाही. ती तरली ती एकत्र खरेदीच्या बळावर. महाभांडारे जन्मण्याच्या कितीतरी आधी या व्यापाऱ्यांनी ती वाट शोधून ठेवली होती. १९२४ साली शिकागोत काही हार्डवेअरच्या दुकानदारांनी मिळून ‘एस’ या नावाने एकत्र खरेदी सुरू केली. १९७६ साली ती संस्था सर्वस्वी दुकानदारांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. १९४५ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे आणखी एक अशी संस्था निघाली; आज ती ‘डू इट बेस्ट’ या नावाने ओळखली जाते.

या संस्थांची रचना सोपी आहे. दुकानदार संस्थेचे भाग विकत घेऊन सभासद होतो. संस्था हजारो दुकानांच्या मागण्या एकत्र करून कारखानदाराशी भाव ठरविते, मोठमोठी गोदामे चालविते आणि दर आठवड्याला मालमोटारी पाठविते. त्यामुळे दुकानदाराला एका मापाचे शंभर बोल्ट साठवून ठेवण्याची गरज राहत नाही. जाहिरात व हिशेबाची व्यवस्थाही संस्था पाहते. वर्षाअखेर जो नफा उरतो, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात सभासदांना परत मिळतो. मात्र दुकान ज्याचे त्याचेच राहते. कोणता माल ठेवावयाचा, कोणाला उधार द्यावयाचे, हे मालकच ठरवितो. खरेदीपुरते मोठे व्हावयाचे आणि गल्ल्यावर लहानच राहावयाचे, हे त्यातले मर्म. एसच्या पाटीखाली आज अमेरिकेत पाच हजारांहून अधिक दुकाने आहेत, म्हणजे संख्येने होम डेपोच्या दुपटीहून अधिक!

परंतु सहकार हा काही सर्व रोगांवरचा मंत्र नव्हे. तिसऱ्या एका संस्थेची कथा याची साक्ष देते. जॉन कॉटर यांनी १९४८ साली स्थापिलेली आणि पुढे ‘ट्रू व्हॅल्यू’ या नावाने प्रसिद्धीस आलेली ही संस्थादेखील दुकानदारांच्या मालकीची होती. १९९७ साली तिने दुसरी एक मोठी संस्था स्वतःत विलीन करून घेतली. त्यानंतर तोटा आला आणि संस्थेची घडी विस्कटली. पुढे ती सावरली, परंतु भांडवलाची अडचण सुटेना. अखेर २०१८ साली सभासदांनी ७० टक्के मालकी एका गुंतवणूकदार कंपनीला विकली. सभासदांना भागांचे पैसे मिळाले, नव्या भांडवलाची आशा मिळाली. सौदा वाईट वाटण्याचे कारण नव्हते. पण सहा वर्षांतच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिची मालमत्ता त्याच वर्षी विकत घेतली ती फोर्ट वेनच्या डू इट बेस्ट या सहकारी संस्थेने. जिच्या सभासदांनी आपली मालकी सोडली नव्हती तिने! त्या पाटीखालची दुकाने मात्र स्वतंत्र मालकांची असल्यामुळे दिवाळखोरीत ओढली गेली नाहीत.

या एका उदाहरणावरून फार मोठा सिद्धांत बांधू नये. घरबांधणी व डागडुजी मंदावल्याचाही त्या कंपनीला फटका बसला होता. तरी एवढे निश्चित दिसते की, जी संस्था आपण एकमेकांच्या सोयीसाठी उभारतो, तिची मालकी बाहेर गेली की तिचे हिशेब बाहेरच्याच्या सोयीने होऊ लागतात. आणि गेलेली मालकी परत मिळविणे मालकी टिकविण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

गावाच्या दृष्टीने यात काय आहे? २००४ साली शिकागोच्या अँडरसनव्हिल या वस्तीत एक पाहणी झाली. गिऱ्हाइकाने खर्च केलेल्या शंभर डॉलरपैकी, स्थानिक दुकानातून ६८ डॉलर शहराच्याच व्यवहारात राहतात आणि साखळी दुकानातून ४३, असे तीत आढळले. ही पाहणी वस्तीच्या विकास-संस्थेसाठीच झाली होती आणि तीत हार्डवेअरखेरीज इतर धंदेही होते. म्हणून आकडे जपूनच घ्यावेत. पण कारण समजण्यासारखे आहे. स्थानिक दुकानदाराचा हिशेबनीस, छापखाना, वकील गावातलाच असतो. साखळीची ही कामे दूरच्या मुख्य कचेरीत होतात.

महाभांडाराला सर्व भूमी सारखी मानवते असेही नाही. होम डेपोने २००६ साली चीनमध्ये १२ दुकाने विकत घेऊन प्रवेश केला; २०१२ साली उरलेली सातही बंद केली. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून गृहस्थ स्वतः शिडीवर चढून भिंत रंगवितो. चीनमध्ये लोक हे काम कारागिराकडून करवून घेणे पसंत करतात. आपल्याकडेही सुतार, गवंडी वा नळकाम करणारा मिस्त्रीच बहुधा काय आणावयाचे ते सांगतो, आणि त्याची ओळख व उधारी असते ती पेठेतल्या दुकानदाराशी.

पण म्हणून आपल्या दुकानदारांनी निश्चिंत बसावे काय? तसे वाटत नाही. घरबसल्या माल मागविण्याची सोय आता आपल्या गावांतही आली आहे. महाभांडार न येताही स्पर्धा दारात येते. अशा वेळी एकेकट्याने भाव पाडीत बसण्यापेक्षा, पेठेतल्या चार दुकानदारांनी मिळून खरेदी केली तर काय होईल, हा विचार करण्याजोगा आहे. ही कल्पना काही अमेरिकेतून उसनी आणावयास नको. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली, तेव्हा आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदाही नव्हता. तो पंधरा वर्षांनी, १९०४ साली आला. कायद्याआधी विश्वास होता, आणि मंडळी त्यावर उभी राहिली.

हे दुकानदारांचे झाले. गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातीही थोडेफार आहे. मोठी खरेदी जेथे स्वस्त मिळेल तेथे करावी. तो प्रत्येक संसारी माणसाचा हक्क आहे. पण सल्ला कोपऱ्यावर घ्यावयाचा आणि माल दूरवरून मागवावयाचा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. ज्याचे ज्ञान आपण वापरतो त्याला त्याचा मोबदला द्यावा. नाहीतर ज्या दिवशी अवेळी नळ फुटेल, त्या दिवशी ‘हीच घ्या’ असे सांगणारे माणूस गल्ल्यामागे असणार नाही.