खापरपणजोबांची लग्ने : वंशावळीतून गळलेल्या बायकांचा माग

मराठी घराण्यांच्या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच असतात. मूळपुरुष, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे अशा फांद्या खाली उतरत जातात आणि त्यांत बायकांना जागा नसते. एखाद्या पूर्वजाची दोन-तीन लग्ने झाली असली, तरी कागदावर ती दिसत नाहीत. पाच मुलगे एका ओळीत मांडलेले असतात. त्यांतले तीन थोरलीचे आणि दोन धाकटीचे, हे सांगणारे माणूस गेले की ती माहितीही जाते. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरसारख्या गावात, जिथे गावाच्या नावातच घराण्याचे आडनाव आहे, गुंता आणखी वाढतो. एकाच आडनावाची अनेक घरे, नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत, त्यामुळे एका पिढीआड तेच नाव आणि भावकीत एकाच वेळी त्याच नावाची दोन-तीन माणसे. ‘राणोजीच्या दोन बायका’ असे कुणी सांगितले, तर हा एका राणोजीचा दोनदा मांडलेला संसार की दोन राणोजींचा एकेक, हेच आधी ठरवावे लागते.

पुरुषाची अनेक लग्ने होण्यामागे हौसेपेक्षा मरण जास्त वेळा असे. बाळंतपणात बाई जाई आणि मागे तान्ही मुले, गुरे, शेत राही. वर्षाच्या आत दुसरी घरात येई. बारामती-इंदापूरचा पट्टा अवर्षणाचा. १८७६-७७चा मोठा दुष्काळ, १८९६-९७चा आणि लगेच १८९९-१९००चा, त्याच सुमारास प्लेग, पुढे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ, असे तडाखे या भागाने लागोपाठ सोसले. वंशावळीतल्या एखाद्या माणसाच्या दोन मुलांत मध्येच दहा-बारा वर्षांचे अंतर पडलेले दिसले आणि ते या वर्षांच्या आसपास असले, तर पहिली बायको तेव्हाच गेली असावी, असा तर्क करून शोध सुरू करता येतो. पुष्कळदा मेहुणीच दुसरी बायको म्हणून येई, कारण बहिणीच्या लेकरांना मावशी बघेल असा भरवसा असे. अशा वेळी दोघींचे माहेर, आडनाव, भाऊ सगळे एकच, आणि पुढच्या पिढ्यांच्या तोंडी त्या दोघींची मिळून एकच आजी होऊन जाते.

मूल नसणे किंवा मुलगाच नसणे हे दुसरे कारण. पाट हे तिसरे कारण. शेतकरी आणि बलुतेदार जातींत विधवेचा पाट लावण्याची चाल १८५६च्या विधवाविवाह कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. पेशवाईतल्या करांच्या यादीत लग्नटका आणि पाटदाम अशी दोन वेगळी नावे येतात, म्हणजे सरकारदरबारीही हे दोन विधी निराळे धरले जात. पाट रात्री, मोजक्या माणसांत लागे, त्याचा गाजावाजा नसे. पुढे कुळाची प्रतिष्ठा वाढली की घराण्यांनी पाटाच्या आठवणी पुसून टाकल्या. त्या बाईची मुले वंशावळीत राहिली, तिचे नाव मात्र राहिले नाही. तिच्यावर झालेला हा अन्याय निदान शोध घेताना तरी लक्षात ठेवायला हवा.

मोजदादीत आणखी एक फसगत आहे. तिसरे लग्न अशुभ मानले जाई, म्हणून तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचे लग्न आधी रुईच्या झाडाशी लावत. तिसरी जागा रुईने घेतली की येणारी नवरी चौथी ठरे. तेव्हा ‘आमच्या आजोबांची चार लग्ने झाली’ ही घरातली आठवण खरी असते, पण बायका तीनच असू शकतात.

पुसट झालेल्या दुसऱ्या लग्नाचे सर्वांत मोठे उदाहरण लोणी भापकरच्या शेजारचेच आहे. सुपे याच बारामती तालुक्यात, आणि पुणे-सुपे हा शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीचा भाग. शहाजीराजांची पहिली पत्नी सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई. दुसऱ्या तुकाबाई, मोहित्यांच्या घरातल्या. तुकाबाईंविषयी थेट माहिती फारच थोडी सापडते. त्या ठळकपणे दिसतात त्या भावामुळे आणि मुलामुळे. त्यांचे भाऊ संभाजी मोहिते यांच्याकडे सुप्याचा कारभार होता. शिवाजी महाराजांनी १६५६च्या सुमारास सुपे ताब्यात घेतले, संभाजी मोहित्यांना धरले आणि शहाजीराजांकडे कर्नाटकात पाठवून दिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद हा प्रसंग सांगताना त्यांना सावत्र आईचा भाऊ, म्हणजे मामा म्हणतो. एका ठाण्याच्या ताब्याची हकीकत सांगता सांगता शहाजीराजांच्या दुसऱ्या लग्नाची साक्ष अशी मिळून जाते. याच संभाजी मोहित्यांची मुलगी सोयराबाई शिवाजी महाराजांची राणी झाली. संभाजी मोहित्यांचा मुलगा हंबीरराव १६७४मध्ये सरनोबत झाला, आणि हंबीररावांची मुलगी ताराबाई राजाराम महाराजांना दिली गेली. मामाच्या घरची मुलगी करण्याची चाल मराठ्यांत असल्याने तुकाबाईंचे एक लग्न हाती लागले की त्याच दोन घराण्यांतली पुढची दोन लग्नेही उलगडतात.

तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला राज्य स्थापून राहिले. त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. हा एवढा मोठा कौटुंबिक दस्तऐवज धाकट्या पातीने केलेला आहे, ही बाब शोधणाऱ्याने ध्यानात घ्यावी. धाकटीच्या वंशजांना आपला हक्क, आपले नाते वारंवार सिद्ध करावे लागते, म्हणून कागद त्यांच्याकडे जास्त निघतात. गावातही वाटणीच्या नकला, कोर्टाचे निकाल, जुने पंचनामे पाहायचे तर आधी धाकट्या पातीच्या घरी विचारावे. शहाजीराजांच्या संदर्भात तिसरे नाव येते नरसाबाईंचे. काही इतिहासकार त्यांना विवाहित पत्नी मानतात, काही मानत नाहीत. त्यांचे नाव टिकले ते पुत्र संताजींमुळे; दक्षिणेच्या स्वारीत संताजी शिवाजी महाराजांना येऊन मिळाले.

एकच लग्न दोनदा नोंदले जाण्याचा प्रकारही याच घराण्यात पाहायला मिळतो. राज्याभिषेकापूर्वी, मे १६७४च्या अखेरीस, महाराजांची मुंज झाली आणि मग राण्यांशी पुन्हा वेदमंत्रांनी विवाह लागले. त्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. ६ जूनच्या राज्याभिषेकानंतर दोन दिवसांनी राजाने काही समारंभ न करता चौथ्या स्त्रीशी लग्न केले, अशी नोंद त्याने केली. विधी बघणाऱ्या परक्याने विधी मोजले. राण्या किती, हे त्यावरून ठरत नाही. महाराजांच्या आठ राण्यांची आज परिचित असलेली यादीही अशीच निरनिराळ्या बखरी, शकावल्या आणि माहेरच्या घराण्यांच्या कैफियती जुळवून तयार झाली आहे.

साध्या शेतकरी घराला बखर नसते, पण त्याच्याकडे महसुली कागद असतात. विवाहनोंदणी महाराष्ट्रात सार्वत्रिक झाली ती १९९८च्या कायद्यानंतर. त्यामुळे पणजोबांच्या लग्नाचा दाखला शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार शोधावा. जुन्या नोंदींत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको, आणि ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान मुलांचा पालनकर्ता. समजा, १९२०च्या फेरफारात चार मुलगे वारस आहेत आणि धाकट्या दोघांच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई सखुबाई’ असे लिहिले आहे. यावरून थोरल्या दोघांची आई वेगळी, असे लगेच म्हणता येत नाही, कारण सज्ञान मुलाला पालनकर्ता लागत नाही. मग गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही काढावी. सखुबाई १९५२मध्ये साठ वर्षांच्या होऊन वारल्या असतील, तर जन्म १८९२च्या सुमाराचा. शाळेच्या जनरल रजिस्टरात थोरल्याचा जन्म १८९८चा निघाला, तर सहा वर्षांची मुलगी त्याची आई असणे शक्य नाही. जुनी वये अंदाजाने सांगितलेली असत, पाच-सात वर्षांचा फरक धरून चालावा, पण तेवढा धरला तरी थोरल्याच्या जन्माच्या वेळी सखुबाई फार तर तेराच्या ठरतात. थोरलीचे अस्तित्व जवळजवळ नक्की झाले. आता तिचे नाव शोधायचे.

नावाच्या शोधात मुख्य अडचण अशी की लग्नात मुलीचे नाव बदलले जाई. माहेरच्या कागदात ती एक, सासरच्या कागदात दुसरी. म्हणून नावापेक्षा मुलांचे मामा आणि मामांचे गाव धरून चालणे बरे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या इथे फार उपयोगी पडतात. गाव आणि आडनाव सांगितले की यात्रेला आलेल्या पूर्वजाने लिहवून ठेवलेली नावे निघतात, त्यांत कधी कधी बायकांचीही असतात. महालयाच्या तर्पणात सापत्नमातेचा स्वतंत्र उच्चार होतो. त्याच पंधरवड्यात वद्य नवमीला, अविधवा नवमी म्हणून, नवऱ्याआधी गेलेल्या बाईचे श्राद्ध होते. ज्या घरात ही नवमी पिढ्यानुपिढ्या पाळली जाते, तिथे ती कुणासाठी, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे.

देव्हाराही पाहावा. पहिली मेली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा टाक घालण्याची चाल मराठा-कुणबी घरांत होती. नव्या नवरीने लुगडे आधी त्या टाकाला दाखवून मग स्वतः नेसावे, असा मान पहिलीला असे. ती दुसरीही गेली की टाक देव्हाऱ्यात येऊन पडे. खंडोबा, भैरवनाथ, जोतिबा यांच्या टाकांत एखादा झिजलेला, गळ्यात ओवायला वरच्या कडेला नाकी असलेला, एकट्या बाईचा टाक असेल, तर तो बहुधा देवीचा नसून सवतीचा असतो.

घराण्यांचे जुने कागद बहुतेक मोडी लिपीत आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आणि १९१०मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथे वतनदार घराण्यांचे निवाडे, महजर, इनामाचे कागद मिळतात. लोणी भापकरच्या घरासाठी मात्र बारामतीच्या तहसील कचेरीपासून सुरुवात करणे सोयीचे. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदींसाठी राज्यभर गाव नमुना १४, प्रवेश-निर्गम उतारे आणि हक्कनोंदी तपासल्या गेल्या, आणि असंख्य घरांनी प्रथमच वंशावळ कागदावर उतरवली. कुणबी दाखल्याला बापाकडची साखळी पुरते, त्यामुळे याही वंशावळींत बायका आल्या नाहीत. कागद हाताशी असतानाच बायकांची नावे लिहून घेतली पाहिजेत, कारण त्या कागदांकडे पुन्हा एवढी माणसे कधी वळतील, याचा भरवसा नाही.

कायदा बदलला तशी नोंदींची भाषाही बदलली. मुंबई प्रांतात १९४६च्या कायद्याने हिंदूंना पहिली बायको हयात असताना दुसरी करण्यास बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९५१मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात हा कायदा वैध ठरवला, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर लागू झाली. बंदीआधीच्या कागदांत दुसरी बायको उघडपणे येते. नंतरच्या कागदांत ती लपवली जाते आणि वाटणीच्या भांडणातच बाहेर पडते. बंदीपूर्वी रीतसर झालेली लग्ने कायम राहिली. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मृताच्या एकापेक्षा अधिक विधवा असतील, तर सगळ्यांनी मिळून एक हिस्सा घ्यावा, असे कलम १० सांगते. त्यामुळे १९५६नंतर वारलेल्या जुन्या माणसाच्या वारस-फेरफारात थोरली आणि धाकटी या दोघींची नावे एकाच हिश्श्यासमोर लिहिलेली सापडू शकतात.