यकृताच्या सिरोसिसमधील स्नायुऱ्हास आणि मेंदूविकार : हेमलकसा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना माडिया गोंड समाजाच्या सेवेबद्दल २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा दुर्गम भागात रोग्याचे शरीर व वर्तन यांवरून केलेले निदान विशेष मोलाचे ठरते. सिरोसिसमधील स्नायुऱ्हास व मेंदूविकार यांचा संबंध आणि त्यासंबंधीचा आहारविषयक गैरसमज स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगाचे स्वरूप

सिरोसिसमध्ये यकृताच्या निरोगी ऊतीची जागा तंतुमय ऊती घेते. मद्यपान हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तथापि हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी व यकृतातील मेदवृद्धी यांमुळेही सिरोसिस होतो. म्हणून प्रत्येक रोग्यास मद्यपी समजणे अन्यायाचे ठरेल.

स्नायू व मेंदू यांचा संबंध

आतड्यांत निर्माण होणाऱ्या अमोनियाचे निरोगी यकृत युरियात रूपांतर करते. यकृत दुर्बल झाले की या कार्याचा काही भार स्नायूंवर येतो. ते अमोनियापासून ग्लुटामिन बनवतात. परंतु वाढलेला अमोनिया मायोस्टॅटिन या प्रथिनाद्वारे स्नायूंची वाढ रोखतो. स्नायू क्षीण झाले की अमोनिया आणखी वाढतो, असे हे दुष्टचक्र आहे. मेंदूतील ताराकृती पेशींत ग्लुटामिन साचून त्या सुजतात. परिणामी दिवसा झोप व रात्री जाग, विसराळूपणा, पुढे धरलेले पंजे फडफडणे आणि अखेरीस बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, रक्तस्राव व झोपेची औषधे यांमुळे हा विकार बळावतो.

आहारविषयक गैरसमज

अमोनिया प्रथिनांपासून बनतो, म्हणून रोग्याची डाळ, अंडी, मासे बंद करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. त्यामुळे मेंदूचे रक्षण करणारे स्नायूच झिजतात. आज प्रतिदिन प्रतिकिलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे मानले जाते. म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७५ ग्रॅम. सिरोसिसच्या रोग्यास रात्रभराचा उपवासही दोन-तीन दिवसांच्या उपासमारीसारखा बाधतो. यास्तव निजण्यापूर्वी वरण-भातासारखा अल्पाहार हितकर ठरतो. पोटात पाणी साचल्यास वजन कायम दिसते आणि स्नायुऱ्हास झाकला जातो. अशा वेळी दंड व मांड्या पाहाव्यात.

स्थानिक उपयोजन

एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगावयास लावणे, ही मेंदूविकाराची एक मान्य चाचणी आहे. तीस यंत्र वा अक्षरओळख लागत नाही. अरण्यात वाढलेल्या माडिया रोग्याकडून ती त्याच्याच भाषेत घेता येईल. मात्र वय व शिक्षण यांनुसार तिचे निकष बदलतात. शिवाय या जिल्ह्यात हिवतापाचे प्रमाण मोठे असल्याने ताप व बेशुद्धी एकत्र आढळल्यास मेंदूच्या हिवतापाचाही विचार तातडीने करणे आवश्यक आहे.

समारोप

सिरोसिसमध्ये स्नायू राखणे म्हणजे मेंदू राखणे होय. लॅक्टुलोजसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने द्यावीच लागतात. परंतु रोग्याच्या ताटातील डाळ काढून न घेणे, हे कुटुंबाच्या हाती आहे. आरोग्यशिक्षणात ही बाब आवर्जून सांगितली जावी.